फिल्टरवाले गफूरचाचा

परवा गाडीचे फिल्टर बदलायला यवतमाळला एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचा दरवाजा, आत गारवा. काउंटरवरच्या गृहस्थांनी गाडीचं मॉडेल विचारलं, संगणकात टाकलं आणि दोन खोके पुढे सरकवले, एक इंजिनचा एअर फिल्टर आणि एक केबिनचा. मी जुने दोन्ही फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेले होते. ते पुडकं सोडायला लागलो तर गृहस्थ म्हणाले, काका, कचरा बाहेर टाका. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी पुडकं परत गुंडाळलं, नवे खोके घेतले आणि बाहेर येऊन गाडीत नुसता बसून राहिलो. मला एकदम थकल्यासारखं झालं. पुसदच्या गफूरचाचांना जाऊन चार वर्षं झाली, पण जुना फिल्टर दाखवल्याशिवाय नवा घ्यायचा नाही ही त्यांनी लावलेली खोड अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

मोटारस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये उरलेली फट. चाचा आत बसले की गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभं राहायचं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत खोके आणि त्या खोक्यांत फिल्टर सोडून दुसरं काही नाही. हवेचे, डिझेलचे, ऑइलचे. लोक सांगून थकले की चाचा, बेल्ट ठेवा, बल्ब ठेवा, चार पैसे सुटतील. चाचा म्हणत, हेच एक काम अजून नीट जमत नाही, दुसरं कुठे घेऊ. उंच, वाळलेला माणूस. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि या सगळ्या स्वच्छतेत न शोभणारी काळी नखं. चहा बिनदुधाचा, तोही गार करून. घरी चाचीशी हिंदीत बोलत आणि गिऱ्हाइकाशी आमच्यापेक्षा ठसकेबाज वऱ्हाडीत. त्यांच्या आयुष्याची यापेक्षा जास्त माहिती मला नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्यांना सांगायची हौस नव्हती.

मी बी.ए. होऊन सहा वर्षं नोकरीची वाट बघितली आणि मग तिसऱ्या हाताची एक पिकअप घेतली. हंगामात गावोगावचा कापूस जिनिंगवर न्यायचा, एरवी खत, सरकी, गुरांची ढेप, मिळेल ते भाडं. पहिल्याच हंगामात गाडीने दम टाकला. माळपठारावर चढताना पहिल्या गिअरमध्येसुद्धा हुंदके द्यायची आणि मागे काळा धूर सोडायची. मिस्त्रीने डिझेलचा पंप गेला म्हणून सांगितलं. पंप म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचं काम. कोणीतरी म्हणालं, आधी फिल्टरवाल्या चाचांना विचार. मी गेलो आणि नवा एअर फिल्टर मागितला. चाचांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "जुना दाखव."

जुना गाडीतच होता. काढून आणला. त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तो हलकेच टेकवला, आपटला नाही. कागदाच्या घड्यांवर कापसाच्या तुसाचा असा थर जमला होता की फिल्टरने गोधडी पांघरली होती म्हणा ना. आत काळी माती, मधेच लालसर मुरूम. चाचांनी ते बोटाने बाजूला केलं, वास घेतला आणि निवांतपणे सांगितलं की तुझ्या पंपाला काही झालेलं नाही. श्वास कोंडला आहे तिचा. गाडीला ते नेहमी बाईमाणूस समजून बोलत आणि फिल्टरला नाक म्हणत.

मग निवडण्याचा कार्यक्रम झाला. तो मी पुढे पंधरा-सोळा वर्षं बघितला आणि प्रत्येक वेळी तो तितकाच लांबत असे. त्यांनी तीन खोके काढले. एक कंपनीचा, एक हुबेहूब तसाच दिसणारा नकली, आणि एक साधा, अर्ध्या किमतीचा. मी अर्थातच अर्ध्या किमतीवर बोट ठेवलं. चाचांनी तिन्ही जवळ ओढले. प्रत्येक फिल्टरच्या पोटात बॅटरी पेटवून धरली आणि दुकानात अंधार करण्यासाठी शटर अर्धं ओढलं. स्वस्तातल्या फिल्टरच्या कागदातून तीन-चार ठिकाणी उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसत होते. नकलीच्या घड्या मोजल्या तर कंपनीच्यापेक्षा बऱ्याच कमी भरल्या, म्हणजे कागद कमी, म्हणजे तूस लवकर भरणार. पण त्यांचं खरं लक्ष कागदावर नव्हतं. ते बोट फिरवत होते ते कडेच्या रबरावर.

"कागद कितीबी चांगला असू दे," ते म्हणाले, "कड बसली नाही त धूळ बाजूनं जाते. आन् मालकाले वाटते, फिल्टर घातला न आपण."

मी कंपनीचा घेतला. तोही त्यांनी नुसता दिला नाही. रस्त्यावर येऊन, बॉनेटमध्ये डोकं घालून स्वतः बसवला आणि रबराच्या भोवती बोट फिरवून बघितलं. खोक्यावर लिहिलंय तितके दिवस हा चालणार नाही, हेही तेव्हाच सांगितलं. खोकं लिहिणाऱ्याने कापसाचा हंगाम बघितलेला नसतो. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायचा नाही, कागद फाटतो, फाटलेला दिसत नाही. गाडी माळपठारावर दुसऱ्या गिअरमध्ये चढली. त्या दिवसापासून मी त्यांच्या जाळ्यात सापडलो.

जुना बघितल्याशिवाय नवा द्यायचा नाही हा त्यांचा कायदा आणि त्यापायी गिऱ्हाइकाच्या नाकी नऊ यायचे. एकदा ढाणकीहून एक जण एसटीने आला, गाडी गावात बंद, हातात जुना फिल्टर नाही. चाचांनी दिला नाही. एकाच मॉडेलमध्ये तीन मापं येतात, बोटभर फरक असतो, उगीच चुकीचा नेशील. तो गृहस्थ चिडला, नको नको ते बोलला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, तिन्ही मापांचे फिल्टर पिशवीत भरले, शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर एसटीत बसून ढाणकीला गेले. फिल्टर बसवून संध्याकाळच्या गाडीने परत आले. दिवसभर दुकान बंद, एका फिल्टरसाठी. मी म्हटलं, चाचा, हे धंद्याचं लक्षण नाही. ते म्हणाले, त्याच्या गाडीचं तोंड मी पाह्यलं नव्हतं.

फिल्टरच्या धुळीवरून गाडी कुठे फिरली ते ते सांगत, आणि ते सहसा चुकत नसे. ढाणकीकडची काळी चिकट माती वेगळी, माळपठारावरचा मुरूम वेगळा, मुकुटबनकडच्या खाणींची पांढरी भुकटी वेगळी. यावरून एकदा प्रकरण होता होता राहिलं. सरकी-ढेपेचे एक व्यापारी आपल्या ड्रायव्हरला घेऊन तावातावाने दुकानात आले. मी तिथे उभाच होतो. गाडी उमरखेडला पाठवली होती, मीटर भलतंच दाखवतंय, हा कबूल करत नाही, तुम्ही फिल्टर बघून सांगा गाडी कुठे गेलती. ड्रायव्हर मान खाली घालून उभा. चाचांनी वर्तमानपत्र पसरलं, फिल्टर टेकवला. घड्यांच्या तळाशी पांढरी भुकटी मलाही दिसत होती. चाचांनी ती बराच वेळ बघितली आणि व्यापाऱ्याला सांगितलं की शेठ, धूळ ती धूळच असते, फिल्टर मात्र बदलावा लागेल. व्यापारी हिरमुसून गेले. त्या ड्रायव्हरची लेक मुकुटबनला दिली होती आणि बाळंतपणात अडली होती, हे मला नंतर कळलं. चाचांना ते ठाऊक होतं का, म्हणून मी विचारलं. नव्हतं. "गाडीचा फिल्टर पाह्यतो मी," एवढंच म्हणाले, "माणसाचा नाही."

पुढे मी एसीची पिकअप घेतली. तीही जुनीच. महिनाभरात केबिनमध्ये असा घाण वास सुटला की काच खाली केल्याशिवाय बसवेना. मी उदबत्ती लावली, आरशाला अत्तराची बाटली टांगली, शेवटी सीट काढून धुतली. चाचांनी डाव्या बाजूचा कागदपत्रांचा कप्पा उचकटला, त्याच्या मागे हात घातला आणि एक चौकट बाहेर ओढली. केबिनलाही फिल्टर असतो हे मला तेव्हा कळलं. फिल्टर असा उरलाच नव्हता. उंदराने तो कुरतडून बिछाना केला होता आणि मी वाहिलेल्या सरकीची वर्षभराची बेगमी तिथे करून ठेवली होती. चाचा त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, भाड्यात त्याचाबी हिस्सा धरत जाय.

केबिनच्या फिल्टरचे त्यांच्याकडे दोन प्रकार असत. एक पांढरा, साधा, तो धूळ अडवतो. दुसरा काळसर, त्यात कोळसा असतो, तो वासही अडवतो. मला कृषी केंद्रांची भाडी मिळायची, फवारणीच्या औषधांची खोकी वाहायची, आणि त्या वासाने दुपारपर्यंत डोकं उठायचं. म्हणून चाचांनी मला काळा दिला. खरंच, दुसऱ्या दिवसापासून वास गेला. मी चार लोकांना कौतुकाने सांगितलं. त्या चारांत मारोती होता.

मारोती माझ्या गाडीवर हमाली करायचा. चाळिशीचा, बुटका, खांद्याने रुंद, आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणारा. कापसाची गाठोडी तो अशी फेकायचा की गाडी हलायची. श्रावण-भाद्रपदात भाडी नसतात. तेव्हा तो आपल्या गावाकडे, ढाणकीच्या रस्त्याला, लोकांच्या शेतात फवारणीला जायचा. पाठीवरची टाकी एकदा भरून मारली की तो एक पंप, आणि मजुरी पंपावर.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळीने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. जी अळी येणार नाही म्हणून महागाचं बियाणं घेतलं, तीच बोंडात बसून होती. चार फवारण्या झाल्या की पाचवी, एका औषधाने भागेना म्हणून दोन मिसळून. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. कपाशी कमरेएवढी असली की औषध पायांवर पडतं, डोक्यावर गेली की तोंडावर. तोंडाला बांधायला गमछा, बाकी काही नाही.

अशात एक दिवस मारोती माझ्याबरोबर चाचांच्या दुकानात आला. मी फिल्टर बदलून घेत होतो आणि तो बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "चाचा, गाडीले नाक देता, इंजिनले नाक देता. मले बी द्या न एक." आणि हसला. चाचाही हसले. मग मी गाडी सुरू करेपर्यंत ते मारोतीच्या गमछ्याकडे बघत होते.

दोन दिवसांनी त्यांनी मारोतीला बोलावून घेतलं. कोळशाचे दोन केबिन फिल्टर त्यांनी उसवले होते, त्यातलं काळं कापड हाताएवढं कापलं होतं आणि चाचीने ते दुहेरी सुती कपड्यात शिवून त्याला नाड्या लावल्या होत्या. असे सात. एक मारोतीला, सहा त्याच्याबरोबर फवारणाऱ्यांना. पैसे घेतले नाहीत. मारोतीने तिथेच तोंडाला बांधून दाखवला आणि काउंटरवरच्या डिझेलच्या डबीत नाक घालून म्हणाला, कायचाच वास नाही. चाचांना मी इतकं खूश फार कमी वेळा बघितलं आहे. मीही खूश होतो. एक गोष्ट तेव्हा ना त्यांच्या लक्षात आली ना माझ्या. जो माणूस रबराची कड बोट फिरवून बघितल्याशिवाय फिल्टर विकत नव्हता, त्याने सातातल्या एकाच्याही चेहऱ्याला हात लावून बघितला नव्हता. सहा चेहरे तर त्याने पाहिलेसुद्धा नव्हते.

आठवड्याच्या आत मारोतीच्या बायकोचा, सुमित्राचा, सकाळी फोन आला. रात्रभर ओकतोय, आणि आता म्हणतो डोळ्यांना दिसत नाही. मी गाडी घेऊन गेलो. तोंडातून लाळ, अंगाला कंप, घामाने न्हालेला. पुसदच्या डॉक्टरांनी सुया दिल्या आणि म्हणाले, ताबडतोब यवतमाळ. रुग्णवाहिका आधीच दुसऱ्या दोघांना घेऊन गेली होती, तेव्हा माझ्याच गाडीतून न्यायचं ठरलं. दवाखान्याच्या दारात चाचा उभे होते. त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. मारोतीला आम्ही केबिनमध्ये मधे बसवलं, चाचा पलीकडून चढले आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सुमित्रा आणि तिचा भाऊ मागे बसले.

दिग्रस मागे पडलं. मग मारोती थोडा शुद्धीत आल्यासारखा वाटला. चाचांनी हळूच विचारलं, वास येत होता का रे तुले, मारताना.

"अजिबात नाही, चाचा," मारोती म्हणाला. जीभ जड झाली होती तरी आवाजात कौतुक होतं. "पह्यले वास डोक्यात गेला की मी थांबो. काल वासच नाही. म्हणून त दोन पंप जादा मारले."

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. चाचांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी त्याच्या तोंडाची लाळ आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि त्याचं डोकं परत खांद्यावर घेतलं.

तो वॉर्ड मला आठवायचा नाही. एका ओळीत सगळे आमच्याकडचेच, डोळ्यांवर पट्ट्या, आणि झटापट करू नये म्हणून हात गमछ्याने खाटेला बांधलेले. मारोती दोन दिवस कोणालाच ओळखत नव्हता. कापसाची गाठोडी मोजत होता. चाचा नऊ दिवस तिथे राहिले. घरून चाचीचा डबा यायचा तो सुमित्राला द्यायचे आणि स्वतः बाहेरच्या टपरीवर चहा प्यायचे. मधे एक दिवस मात्र ते मला घेऊन परत पुसदकडे आले आणि आम्ही ढाणकीच्या रस्त्याने गावोगाव फिरलो, ते सहा तुकडे गोळा करायला. पाच मिळाले. भिजून, वाळून, कडक झाले होते, आणि त्यांना आता चांगलाच वास येत होता. सहावा ज्याच्याकडे होता त्याने दिला नाही. चाचांनी त्याला परोपरीने सांगितलं की याने वास थांबते, औषध थांबत नाही. तो म्हणाला, चाचा, वास नसला म्हणजे औषध कसं राहीन? तुमी गाडीवाले, तुमाले काय माहीत. चाचा त्याच्या ओट्यावर तासभर बसून राहिले. शेवटी मीच त्यांना उठवलं.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला मी एकदा बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो भला होता. म्हणाला, हे अंगातून जातं, कातडीतून, ओल्या कपड्यांतून. तोंडाला काहीही बांधलं असतं तरी हा माणूस आजारी पडला असता. मी मोठ्या आशेने ते चाचांना येऊन सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकलं, मान हलवली.

"डॉक्टर बराबर हाय," ते म्हणाले. "पण ते दोन पंप त मीच मारून घेतले न त्याच्याकून."

सुमित्राचा रिकामा डबा धुवायला मी नळावर गेलो.

मारोती वाचला. उजव्या डोळ्याने ठीक दिसायला लागलं, डाव्याला धूसर राहिलं ते राहिलंच. दिवाळीनंतर तो माझ्या गाडीवर परत आला, गाठोडी उचलताना थरथरायचा, पण विनोद सुरू झाले. चाचा दुकानात बसू लागले. फरक एवढाच की त्यांनी काळे फिल्टर ठेवायचं बंद केलं. कोणी मागितला तर पांढरा देत. मी वैतागून म्हटलं, चाचा, माझं डोकं उठतं. ते म्हणाले, उठू दे. वास आला की माणूस काच खाली करते, तोंड फिरवते, गाडी थांबवून उतरते. तेवढं एक त्याच्याजवळ हाय, ते कायले काढून घ्यायचं. मी पांढराच घातला. राग आला होता, पण घातला.

आणि पुन्हा श्रावण आला. भाडी बंद झाली. मारोती दुकानात येऊन सांगून गेला की तो फवारणीला निघाला आहे. चाचांनी त्याला दुकानातच बसवून घेतलं. खोके उतरव, पूस, परत लाव. दोन दिवस तो ते करत राहिला. त्या फटीत दोन माणसं मावत नव्हती, आणि पुसलेलेच खोके पुन्हा पुसायला मारोती इतका भोळा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने चाचांना हात जोडले. मी तिथे होतो. चाचा म्हणाले, आज वारा हाय, आज नोको जाऊ.

"वारा त रोजच हाय, चाचा," मारोती म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद दिसलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मला वाटलं, तब्येत बिघडली असेल. घरी जाऊन विचारायचं माझ्या मनात होतं, पण तेव्हा माझ्याही घरात आजारपण होतं आणि राहून गेलं. आठेक दिवसांनी खताचं एक भाडं घेऊन सकाळी ढाणकीला निघालो होतो. मारोतीच्या गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक उंच माणूस उभा दिसला. पांढरी टोपी, आणि उजवा हात डोक्याच्या वर उचललेला. त्या हातात रुमाल होता. मी गाडी बाजूला घेतली.

चाचाच होते. चपला चिखलाने भरलेल्या, पायजमा पोटरीपर्यंत ओला. पहिल्या एसटीने येतो, म्हणाले, वारा जोराचा सुटेपर्यंत थांबतो आणि मारोतीला शेतातून काढून परत फिरतो. आठ दिवस हेच चाललं होतं. शेतात, कपाशीत बुडालेला मारोती धुऱ्याकडे तोंड करून पंप मारत होता. त्याचं फक्त डोकं आणि नळीचं टोक दिसत होतं. डाव्या डोळ्याने फवारा कुठे उडतो ते त्याला कळत नव्हतं. पलीकडच्या ओळींत आणखी तिघं होते. ते या टोपीवाल्या म्हाताऱ्याला आधी हसले म्हणे. आता मारोती थांबला की तेही थांबायचे.

मी म्हटलं, चाचा, या वयात हे कुठवर करणार. दुकान बंद पडेल. चला, गाडीत बसा, मी परत येताना पुसदला सोडतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डोळे रुमालावर होते. उचललेला हात भरून आला की ते डाव्या हाताने त्याला कोपराशी आधार देत.

"तू जाय, सुधाकर," ते म्हणाले. "वारा पलटून राह्यला."

रुमाल खरंच हलला होता, आता तो शेताकडे फडफडत होता. चाचांनी दुसरा हात तोंडाशी नेला आणि ओरडले, "मारोती, थांब रे. आता तोंडावर येईन." शेतातला पंपाचा आवाज बंद झाला. मग पलीकडचे तिन्ही पंप एकेक करून बंद झाले. कपाशीत चार माणसं आणि धुऱ्यावर चाचा, सगळे वारा पडायची वाट बघत उभे राहिले.